दुसऱ्या दिवशी मी लेथवर उभी होते

मी बोलायला लागले की इतकी भरभर बोलते की समोरच्याला अर्धं कळतच नाही. आमच्या आयटीआयच्या नव्या बॅचमधल्या तीन मुलींनी मला विचारलं, "ताई, तुझं पोट दुखणं कसं कमी झालं?" मी सांगायला सुरुवात केली, तर त्यातली एक म्हणाली, "ताई, तू लिवूनच दे ना. आमी सावकाश वाचू." म्हणून हे लिहिते आहे. लिहितानाही हात पुढे पळतोच आहे, काय करू! सांगण्यासारखं खूप आहे आणि ते चांगलं आहे.

मी वैशाली. घरी वैशू. लाखनीपासून आत आठ-नऊ किलोमीटरवर आमचं गाव. बाबा धानाची शेती करतात, आई त्यांच्या बरोबरीनं बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात असते. मी टर्नर ट्रेडला आहे. टर्नरचं काम लेथ मशीनवर. चकात, म्हणजे मशीनच्या फिरत्या पकडीत, लोखंडाची गोल सळी घट्ट पकडायची, मशीन सुरू केलं की ती गरगर फिरते, आणि टूल टेकवलं की निळसर वेटोळी निघायला लागतात. पहिल्या दिवशी ते पाहून मी चक्क टाळ्या वाजवल्या होत्या. सर म्हणाले, "मशीनजवळ टाळ्या नाही वाजवायच्या." बॅचमध्ये आम्ही दोनच मुली, मी आणि निकिता. बाकी सगळी मुलं.

"सगळ्याइलेच होते"

माझी पाळी तेराव्या वर्षी सुरू झाली आणि दुखणंही त्याच महिन्यात आलं. ओला कपडा पिळावा तसं कुणीतरी आतून पोट पिळायचं. कंबर, मांड्या, पायाच्या पोटऱ्यांपर्यंत कळ जायची. उलट्या व्हायच्या. पहिला दिवस संध्याकाळपासून आणि दुसरा दिवस पूर्ण, मी खाटेवर गुडघे छातीशी घेऊन पडलेली. आई ओव्याचं पाणी द्यायची, पाठ चोळायची आणि म्हणायची, "सगळ्याइलेच होते, बाई. लगन झालं का कमी होते." तेरा वर्षांच्या मुलीला हे सांगून काय उपयोग, तुम्हीच सांगा!

दहावीत गणिताच्या पेपरला दुसरा दिवस आला. गणित माझा आवडता विषय. अर्धा पेपर सोडवून मी बाकावर डोकं टेकलं ते उचललंच नाही. पर्यवेक्षक बाई हळूच म्हणाल्या, "अभ्यास केला नाही वाटतं." मला खरं कारण सांगता आलं नाही. त्या बाई होत्या तरीही.

दुखण्यापेक्षा मला जास्त लाज दुसऱ्याच गोष्टीची वाटायची. पाळीच्या आधी चार-पाच दिवस मी माझी राहत नसे. सगळं अंगावर येई. एकदा आईनं फक्त विचारलं, "डब्यात भाजी कोणती देऊ?" आणि मी किंचाळून डबा दारावर फेकला. झाकणाला पोचा आला. आई खाली बसून सांडलेला भात गोळा करू लागली. ते पाहून मी घरामागे तणसाच्या ढिगाआड जाऊन तासभर रडले. शेजारच्या काकूंनी आईला सल्ला दिला, "पोट्टीले बाहेरचं झालं का, पाहून घ्या एकडाव." एक लिंबूही उतरवून झालं. पाळी आली की माझं डोकं शांत व्हायचं, म्हणून लिंबानंच गुण आला असं सगळ्यांना वाटलं. मला मात्र वाटायचं, मी मुळातच वाईट स्वभावाची आहे.

वर्कशॉपमध्ये

आयटीआयला लागल्यावर दर महिन्याला दोन दिवस बुडायचे. "ॲसिडिटी" असं कारण मी देत असे. पण एका महिन्यात पाळी दोन दिवस आधी आली, नेमकी मी मशीनवर असताना. चक फिरत होता, टूल लोखंडात होतं. अचानक घाम फुटला, कान बंद झाल्यासारखे झाले, आणि समोरचं सगळं लांब जायला लागलं. शेजारच्या मशीनवरून निकितानं माझ्याकडे पाहिलं आणि धावत येऊन माझ्या मशीनचं लाल बटन दाबलं. मी खाली बसले ती उलटी करतच. तिनं मागून माझी वेणी धरून ठेवली होती. वर्कशॉपमधली सगळी मशीनं एकेक करून थांबली. इतकी शांतता मी तिथे कधी ऐकली नव्हती.

सरांचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी मला पाणी दिलं, स्टुलावर बसवलं, आणि मग म्हणाले, "चक्कर येऊन फिरत्या चकावर पडली असतीस तर? तुझ्या बाबांना मी काय तोंड दाखवलं असतं?"

"ॲसिडिटी आहे सर," मी म्हटलं.

"ॲसिडिटी नाई सर," निकिता म्हणाली. "पाळी हाये तिची. दर महिन्याले असंच होते तिले."

पाळी! वर्कशॉपमध्ये, सगळ्या मुलांसमोर, मोठ्यानं! मला जमिनीत शिरावंसं वाटलं. सरांनी टेबलावरचं मापं घ्यायचं व्हर्निअर उचललं, उगाच उघडलं, बंद केलं. मग म्हणाले, "मग तर डॉक्टरांना दाखवलंच पाहिजे. मशीनवर काम करू शकते असा कागद आण. नाही तर मला तुला उभं करता येणार नाही. कम्प्युटरच्या ट्रेडला बदलून घेता येईल, तिथे बसून काम असतं."

मी रडले. पोटात कळा होत्या, पण रडू त्यांचं नव्हतं. माझं लेथ जाणार होतं.

दवाखान्याचा दिवस

घरी आईचा पहिला प्रश्न, "बायाइच्या दवाखान्यात? लगन नाई झालं पोरीचं. कोणी पाहिलं तर का म्हनतीन?"

बाबा जेवत होते. या विषयावर ते माझ्याशी आयुष्यात एक शब्द बोलले नव्हते. ताटात पाहतच म्हणाले, "लेथ म्हंजे का, मले नाई समजत. पण पोट्टी रडून राहिली, थे समजते. उद्या जाऊ."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं बसनं भंडाऱ्याला गेलो. त्या दवाखान्यातल्या बाकावर माझ्या दोन्ही बाजूंना पोटुशा बायका. आलेली प्रत्येक बाई आधी माझ्या पोटाकडे बघायची, मग गळ्याकडे, मंगळसूत्र आहे का ते. आई पदर सावरत मोठ्यानं मला विचारायची, "पोट दुखते ना तुहं?" म्हणजे सगळ्यांना ऐकू जावं! बाबा बाहेर लसीकरणाचं एकच पोस्टर पुन्हा पुन्हा वाचत उभे होते.

सोनोग्राफीसाठी पाणी प्यायला सांगितलं होतं. मी घाबरून इतकं प्यायले की नंबर येईपर्यंत पाय हलवत "अजून किती वेळ" एवढंच म्हणत होते. डोक्यात मात्र भीतीच भीती. गाठ असेल. ऑपरेशन करतील. मूल होणार नाही म्हणतील. पोटावर थंडगार जेली लावली तेव्हा मी डोळे मिटून आईचं बोट धरलं.

डॉक्टर मॅडमनी मला जे प्रश्न विचारले ते सात वर्षांत कुणीच विचारले नव्हते. कधी सुरू होतं? कुठपर्यंत जातं? शाळा किती बुडाली? आधीच्या दिवसांत मन कसं असतं? मग म्हणाल्या, "दहापैकी किती दुखतं?"

"नऊ."

"दहा का नाही?"

"दहा झालं तर मरून जाईन ना, मॅडम."

त्या हसल्या नाहीत. त्यांनी ते लिहून घेतलं. खरंच लिहून घेतलं! माझं दुखणं पहिल्यांदा कागदावर उतरलं. मग त्या आईकडे वळल्या. "तुम्हाला कसं व्हायचं?"

"मले? मले काईच नाई जी," आई म्हणाली. मॅडमनी पेन खाली ठेवलं. आईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "होते जी. अजूनबी होते. धानाच्या रोवण्यात तर लय होते. पाण्यात वाकून उभं राहा लागते ना. पदर दातात धरून रोवतो मी."

"कुणाला सांगितलं नाही?"

"सांगून का होते? बाजूच्या बायाबी तशाच उभ्या असतेत."

मी आईकडे बघतच राहिले. मी तिच्याच घरात वीस वर्षं राहत होते आणि मला हे माहीत नव्हतं.

रिपोर्ट आला. नॉर्मल. तुम्हाला वाटेल मी आनंदले असेन. नाही! माझा चेहराच उतरला. आता कोण विश्वास ठेवणार? नाटक करते म्हणतील.

मॅडमनी ते ओळखलं. "गाठ दिसत नाही, ही चांगली बातमी. पण म्हणून तुझं दुखणं खोटं ठरत नाही. पाळीत गर्भाची पिशवी आकसते, काही मुलींमध्ये फार जोरात आकसते. त्यावर उपाय आहेत. तीन महिने बघू. फरक पडला नाही तर अजून पुढे शोधू, कारण काही गोष्टी सोनोग्राफीत दिसत नाहीत."

त्यांनी गोळी लिहून दिली. सगळं असह्य व्हायची वाट बघायची नाही, चाहूल लागताच जेवून घ्यायची. गरम पाण्याची पिशवी. रोज चालणं. आणि एक वही. वहीत रोज दोनच गोष्टी लिहायच्या, दुखणं दहापैकी किती आणि मन कसं होतं. सरांसाठी चिठ्ठी दिली, पाळीचे पहिले दोन दिवस सध्या फिरत्या मशीनवर उभं करू नये, बाकी दिवस हरकत नाही.

सरांनी चिठ्ठी दोनदा वाचली. "मग त्या दोन दिवसांत ड्रॉइंग आणि मापं घे," म्हणाले. ट्रेड बदलायचं पुन्हा निघालं नाही. मी आणि निकितानं बाहेर सायकल स्टँडजवळ उड्या मारल्या.

वही

पहिला महिना फसला. सोसायची सवय इतकी की गोळी घ्यायला मी उशीर केला, आणि ती उलटीतून बाहेर पडली. वहीत लिहिलं, नऊ. खाली लिहिलं, मूर्ख.

दुसऱ्या महिन्यात कंबर भरून आल्याबरोबर भात-वरण खाल्लं आणि गोळी घेतली. सहा! दुखत होतंच, पण मी भिंतीला टेकून बसू शकत होते, बोलू शकत होते.

खरी गंमत वहीच्या दुसऱ्या बाजूला झाली. मनाच्या रकान्यात मी वाईट दिवसाला फुली मारत होते. दोन महिन्यांची पानं समोरासमोर धरली तर सगळ्या फुल्या एकाच जागी! पाळीच्या आधीचे चार-पाच दिवस. आधी नाहीत, नंतर नाहीत. मी वही घेऊन धावत बांधीच्या धुऱ्यावर, शेताच्या कडेला आईकडे गेले, चप्पलही एकच होती पायात.

"आई, पाहा! मी वाईट नाही! हे दिवस आहेत!"

आईला काही कळेना. मी फुल्या मोजून दाखवल्या, तिच्या चिखलाच्या बोटानं प्रत्येकीवर टेकवून घेतल्या. पानावर ठसे उमटले. मग तिनं विचारलं, "म्हंजे डबा फेकला होता, थेबी यातलाच दिवस?"

"हो. तरी माझं चुकलंच, आई."

"मलेबी असंच होये," ती म्हणाली. "मी तुहं तोंड पाहून चूप राहो."

घरात कॅलेंडरवर बाबा मोटारपंपाच्या लायटीचे टाइम लिहून ठेवतात. त्यांनी विचारून विचारून माझ्या दिवसांभोवती निळे गोल केले. "या दिवसाइत वैशूसंग वाद नाई," असा हुकूम काढला. आणि तिसऱ्याच दिवशी मी मोबाइल फार बघते म्हणून माझ्याशी स्वतःच वाद घातला! मध्येच त्यांची नजर कॅलेंडरवर गेली. "अरे बापा," म्हणाले आणि गप्प बसले. आई इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. माझा रागही हसण्यात वाहून गेला. दर वेळी असं होत नाही. काही महिने मी रडतेच. पण आता रडताना मला ठाऊक असतं की हे मंगळवारपर्यंत आहे.

तिसऱ्या महिन्यात दुखणं पुन्हा सातवर गेलं. मॅडमनी मग हार्मोनच्या गोळ्या सुचवल्या. आधी रक्तदाब तपासला, अर्धशिशी आहे का, घरात कुणाला रक्ताच्या गुठळ्यांचा त्रास आहे का, सगळं विचारलं. म्हणून माझं ऐका, ही गोळी मैत्रिणीकडून किंवा मेडिकलमधून परस्पर घेऊ नका.

आईनं पाकीट ओळखलं. "ह्या तर पाळणा थांबवाच्या गोळ्या व! कुवार पोरीले?"

मॅडमनी समजावलं होतं, बंद केल्यावर सगळं पूर्ववत होतं. पण आई दोन दिवस बोलली नाही. शेवटी बाबा म्हणाले, "डॉक्टरीणबाईले जास्त समजते का गावाले?" तेवढ्यावर विषय संपला.

पहिले काही आठवडे बरे गेले नाहीत. मळमळायचं, मधूनच डाग पडायचे. मी एकदा पाकीट कपाटात मागे ढकलून दिलं होतं. निकितानं फोनवर शिव्या दिल्या तेव्हा परत काढलं. आणि मग पाळी आली. मी स्टँडवर बसची वाट बघावी तशी कळांची वाट बघत होते. दुपार झाली. संध्याकाळ झाली. मी अंगण झाडलं. दुसरा दिवस उजाडला, मी अंघोळ करून पोटावर हात ठेवून बसले. तीन. फार तर तीन! मी वही फेकून अंगणात गिरक्या घेतल्या. शेजारच्या काकू कुंपणावरून म्हणाल्या, "का व, बाहेरचं परत आलं का?"

परीक्षा

मॅडमनी अजून दोन महिने पाहून मशीनवर काम करायला हरकत नसल्याचा कागद दिला. मग प्रॅक्टिकल परीक्षेची तारीख लागली. कॅलेंडर पाहिलं. दुसरा दिवस! मी पाच मिनिटं हबकले. मग मला हसूच आलं.

त्या सकाळी पोटभर जेवले, गोळी घेतली. वर्कशॉपच्या दारात सर उभे होते. त्यांनी व्हर्निअर वगैरे काही हातात घेतलं नाही, सरळ विचारलं, "कितवा दिवस?"

"दुसरा, सर."

"उभी राहशील?"

"राहीन. चक्कर वाटली तर मशीन बंद करून सांगीन."

"तेवढंच पाहिजे."

परीक्षेत करायचा जॉब होता पायऱ्यांची सळी, एका बाजूला टेपर, म्हणजे निमुळता उतार, दुसऱ्या बाजूला नटासाठी आटे. पहिले दोन तास माझं शरीर मला आठवलंसुद्धा नाही. वेटोळी निघत होती, मापं जुळत होती. टेपरमध्ये केसाइतकी चूक झाली, होऊ दे. मग आटे पाडायच्या आधी कंबरेतून कळ चढली. चार, पाच. पूर्वी मी दात खाऊन रेटलं असतं. मी मशीन थांबवलं. बाहेरून आलेल्या परीक्षकांना म्हटलं, "सर, दहा मिनिटं बसते. पाळीचा दुसरा दिवस आहे."

माझ्या तोंडून गेलं! आणि छत पडलं नाही. परीक्षक म्हणाले, "बसा. वेळ आहे." मी स्टुलावर बसून पाणी प्यायले, दीर्घ श्वास घेतले. कळ ओसरली तशी उठले. आट्यांची पहिली रेघ, दुसरी, हळूहळू खोल. शेवटी नट लावून पाहायचा असतो. मी बोटांनी नट टेकवला आणि फिरवला. तो फिरला! अडला नाही, डगमगला नाही, शेवटपर्यंत गेला. निकिता पलीकडच्या मशीनवरून अंगठा दाखवत होती. मी या वेळी टाळ्या वाजवल्या नाहीत, मशीनजवळ होते ना, पण आतून सगळी वाजत होते.

मी पास झाले. निकिताला माझ्यापेक्षा जास्त गुण पडले. तिच्या टेपरमध्ये चूक नव्हती.

रोवण्याचे दिवस

हे इथेच संपवणार होते, पण गेल्या आठवड्यातलं सांगितल्याशिवाय राहवत नाही.

रोवणे, म्हणजे धानाची लावणी, सुरू आहेत. सकाळी आमच्या दारापुढे बाया जमतात आणि मिळून बांधीत जातात. एक दिवस सगळ्या जमल्या, आई दारात आली, पण पदर खोचलेला नव्हता.

"मी आज येत नाई," ती म्हणाली. "माही पाळी हाये. पोट लय दुखून राहिलं. उद्या पाहीन."

मी पाण्याचा गुंड, म्हणजे कळशी, घेऊन तशीच उभी. मग कुंपणापलीकडच्या काकू, त्याच लिंबूवाल्या, पुढे आल्या आणि हळू आवाजात मला म्हणाल्या, "वैशू, थे तुही गोळी कोणती व? माह्या पोरीले पायजे होती."

"गोळीचं नाव नाही सांगणार, काकू. प्रत्येकीचं तपासून देतात. मॅडमकडेच नेते तिला."

"मंग मीबी येतो," मागून एक आवाज आला. मग दुसरा.

सोमवारी आम्ही सहा जणी लाखनीहून बसमध्ये चढलो. आई खिडकीशी बसली. कंडक्टरनं तिकिटं फाडता फाडता विचारलं, "एवढ्या बाया कुठं निघाल्या, लग्नाले का?"

"नाई जी," आई सगळ्या बसला ऐकू जाईल अशी म्हणाली. "दवाखान्यात. पाळीचं दुखणं दाखवाले."